घरच्या घरीं जिंजर

तापी-खोऱ्याच्या रेल्वेनें सुरतेहून भुसावळकडे निघालें म्हणजे नवापूर सोडल्यावर आणि नंदुरबार येण्यापूर्वीं खांडबारा नांवाचें स्टेशन लागतें. गांव नवापूर तालुक्यांतलें. जिल्हा पूर्वीं धुळें होता, १ जुलै १९९८ पासून नंदुरबार झाला. भोंवतालीं गावित, मावची, भिल्ल यांच्या वस्त्या, तुरीचीं शेतें आणि बांधाबांधावर मोहाचीं झाडें. उन्हाळ्यांत या भागांतला पारा चाळीस अंशांच्या पलीकडे जातो. मग माठांतलें पाणी, ताक, पन्हें हें सर्व घरांत असूनही मुलांना नाकांत झिणझिण्या आणणारें असें कांहींतरी हवें असतें, आणि तें बहुधा दुकानांतल्या बाटलींतून येतें. ही गोष्ट खांडबाऱ्याची तशीच पुण्या-मुंबईची. 'जिंजर' या नांवानें जें विकलें जातें, त्यांतील पुष्कळशा पेयांत आलें नांवापुरतें असतें. बाकी साखर, आम्ल, रंग, सुगंधी अर्क आणि यंत्राच्या दाबानें पाण्यांत कोंबलेला वायु. खरें आलें घालून, यंत्रावांचून, वायु आपोआप उत्पन्न होऊं देऊन हेंच पेय घरीं करतां येतें काय? येतें. मात्र त्यांत दोन-तीन ठिकाणीं सावधगिरी हवी. त्यांपैकीं एके ठिकाणीं चुकल्यास प्रकरण हातापायांवर बेतूं शकतें.

प्रथम नांवाचा उलगडा करावा. इंग्रजींत 'एल' आणि 'बिअर' हे दोन्ही शब्द आंबवलेल्या धान्याच्या मद्याचे. आलें, साखर, लिंबू व पाणी एकत्र आंबवून केलेली 'जिंजर बिअर' इंग्लंडांत अठराव्या शतकापासून घरोघर होत असे. 'जिंजर एल' हें तिचें धाकटें भावंड. तें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आयर्लंडांतील बेलफास्ट शहरीं थॉमस कॅन्ट्रेल नांवाच्या औषधविक्याच्या हातून पुढें आलें, असें मानतात. कॅनडांतील जॉन मॅकलॉक्लिन यानें १९०४ सालीं त्याचा फिका व कमी गोड प्रकार काढला, आणि तोच जगभर पसरला. फरक इतकाच कीं, जिंजर बिअरींतला वायु आंबण्यानें येई, आणि कारखान्यांतल्या जिंजर एलमध्यें तो बाहेरून भरला जाई. म्हणजे घरीं आंबवून जें होतें, तें वंशावळीनें पाहतां जिंजर बिअर होय. परंतु बिअर हा शब्द स्वयंपाकघरांत आणल्यानें उगीच गैरसमज होतात. सोडावॉटरच्या दुकानीं लोक 'एक जिंजर द्या' म्हणतात. तेंच नांव येथेंही पुरे आहे.

बाहेरून वायु भरण्याची विद्याही मुळांत आंबण्याच्याच शेजारीं सांपडली. जोसेफ प्रीस्टली हा इंग्रज शास्त्रज्ञ १७६७ सालीं लीड्स शहरीं एका बिअरच्या कारखान्याशेजारीं राहत होता. आंबत्या पिंपांवर जड वायूचा एक थर तरंगत असतो, व त्यांत पाणी एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत खालीं-वर केल्यास तें चुरचुरीत होतें, हें त्याच्या ध्यानीं आलें. १७७२ सालीं त्यानें ही कृति छापून प्रसिद्ध केली. १७८३ च्या सुमारास जिनीव्हा येथें जेकब श्वेप यानें तिचा धंदा केला. आपल्याकडे हा धंदा प्रामुख्यानें पारशी व इराणी मंडळींनीं वाढवला: मुंबईचे पालनजी १८६५ पासूनचे, पुण्याच्या लष्करांतले अर्देशीर १८८४ चे, मुंबईचे ड्यूक १८८९ चे. गोळीच्या ज्या बाटलींतून हें पाणी गांवोगांव पोंचलें, ती हायरम कॉड या इंग्रज इंजिनियराच्या १८७० नंतरच्या शोधाचें फळ. जत्रेंत बाटली फोडतांना होणारा 'फट्' असा आवाज ज्यांनीं ऐकला आहे, त्यांना तिचें वर्णन सांगावयास नको.

आतां आपोआप येणाऱ्या वायूकडे वळूं. ही गोष्ट खांडबाऱ्याच्या परिसराला नवी नाहीं. फाल्गुन-चैत्रांत मोहाचीं रसाळ फुलें पहांटे झाडाखालीं पडतात. बायका-मुलें तीं टोपल्यांतून वेंचून आणतात आणि उन्हांत वाळवतात. वाळल्या फुलांत निम्म्याहून अधिक साखरच असते. तीं भाजून, शिजवून खाल्लीं जातात, आणि पाण्यांत भिजत ठेवलीं तर कांहीं दिवसांत तें पाणी फसफसूं लागतें. कोणीं त्यांत विरजण म्हणून कांहीं घातलेलें नसलें तरी फुलांच्या अंगावर, हवेंत, भांड्याला जे सूक्ष्म जीव असतात, ते साखरेवर तुटून पडतात. पुढें त्या पाण्याची भट्टी लावली म्हणजे मोहाची दारू होते, तो विषय वेगळा. पण भट्टीपूर्वीं मडक्यांत जें घडतें आणि आल्याच्या पाण्यांत बाटलींत जें घडतें, तें एकच आहे. शहरांतल्या गृहिणीला मोहाचें मडकें पाहावयास मिळालें नसेल. परंतु इडलीचें पीठ रात्रींत फुगून भांड्याबाहेर येतें, तें तिनें पाहिलेलें असतेंच. तेथेंही वायूच काम करतो.

हे सूक्ष्म जीव मुख्यतः दोन जातींचे. एक यीस्ट, ज्याला शास्त्रीय मराठींत किण्व म्हणतात, व दुसरे दुग्धाम्ल तयार करणारे जंतु, म्हणजे दह्यांतल्या जंतूंचे भाऊबंद. यीस्ट प्रथम साध्या साखरेचे दोन तुकडे करतें, द्राक्षशर्करा आणि फलशर्करा. मग त्या दोहोंचें रूपांतर जवळजवळ सारख्या वजनाच्या दोन पदार्थांत करतें. एक कर्बाम्ल वायु, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, आणि दुसरा मद्यार्क. बाटलीचें तोंड उघडें असेल तर वायु उडून जातो. घट्ट बंद असेल तर जावयास वाट नसल्यामुळें तो पाण्यांत विरतो. दुग्धाम्लाचे जंतु पेयाला सौम्य आंबटपणा देतात, आणि त्या आंबटपणामुळें घाण करणाऱ्या दुसऱ्या जंतूंचा शिरकाव कठीण होतो. दोघे मिळून घर राखतात म्हणावें.

या भागीदारीचा पहिला पद्धतशीर अभ्यास हॅरी मार्शल वॉर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञानें केला. तरुणपणीं त्यानें सिलोनांत जाऊन कॉफीच्या पानांवरील तांबेऱ्याचा शोध घेतला होता. इंग्लंडांतल्या घरांतून 'जिंजर बिअरचें झाड' नांवाची एक चीज शेजारणी एकमेकींना देत असत. झाड कसलें, भिजलेल्या साबुदाण्यासारखे पांढुरके, लिबलिबीत दाणे. आलें-साखरेच्या पाण्यांत टाकले कीं खालीं-वर नाचूं लागत आणि दिवसेंदिवस वाढत. वॉर्डनें ते सूक्ष्मदर्शकाखालीं धरून, त्यांतील जीव एकेक करून वेगळे काढले. त्यांत एक विशिष्ट यीस्ट व एक विशिष्ट जंतु हे दोघेच खरे मालक असून बाकीचे उपरे आहेत, हें त्यानें १८९२ सालीं दाखवून दिलें. दोघांना वेगळें करून पुन्हां एकत्र आणलें तेव्हां दाणे पुन्हां जमले. मजेची गोष्ट अशी कीं, त्याच १८९२ सालीं मुंबई सरकारनें ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांसाठीं मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा कायदा केला. एकीकडे आंबण्याचें शास्त्र घडत होतें, दुसरीकडे आंबवण्याच्या सामानावर पहारा बसत होता.

वॉर्डचे दाणे आपल्याकडे सहसा मिळत नाहींत, आणि त्यांची जरूरीही नाहीं. आल्याच्या सालीवर जे जीव असतात त्यांच्यापासूनच विरजण धरतां येतें. त्याची रीत अशी. कांचेची रुंद तोंडाची बरणी उकळत्या पाण्यानें धुऊन घ्यावी. तींत अर्धा लिटर उकळून पूर्ण निवालेलें पाणी घालावें. नळाचें पाणी न उकळतां वापरूं नये. नगरपालिका जंतु मारण्यासाठीं जें क्लोरीन त्यांत घालते, तें आपल्या उपयोगाच्या जंतूंनाही मारक होतें, आणि उकळल्यानें तें उडून जातें. ताजें, टवटवीत आलें माती जाईपर्यंत नुसतें धुवावें, सोलूं नये; सर्व खेळ सालीचा आहे. सालीसकट किसून मोठा चमचाभर कीस व तितकीच साखर बरणींत घालून ढवळावें. तोंडाला स्वच्छ फडकें बांधावें, झांकण लावूं नये. दुसऱ्या दिवसापासून रोज तितकेंच आलें व साखर घालून ढवळत राहावें.

खांडबाऱ्यासारख्या ठिकाणीं चैत्रांत तिसऱ्याच दिवशीं पृष्ठभागावर बुडबुडे दिसतात आणि कान लावला तर बारीक चुरचूर ऐकूं येते. पौषांतल्या थंडींत आठवडाही लागतो. भर वैशाखांत मात्र उलट अडचण: घरांतली हवाच अडतीस-चाळीस अंशांवर गेली म्हणजे यीस्ट बेजार होतें, आणि आंबटपणा करणारे जंतु पुढें सरसावतात. अशा वेळीं माठाच्या तिवईखालीं जी ओली वाळू असते, तींत बरणी ठेवणें उत्तम. बरणीच्या तळाशीं जो पांढरा गाळ बसतो त्याला पुष्कळजण यीस्ट समजतात. त्यांतला बराचसा भाग आल्यांतला पिष्टपदार्थ असतो. विरजण जिवंत आहे कीं नाहीं हें गाळावरून नव्हे, बुडबुड्यांवरून ठरवावें.

कधीं कधीं आठ दिवस लोटले तरी बरणी थंडच राहते. दोष बहुधा आल्याचा. बाजारांत चकचकीत दिसावें म्हणून कडक धुऊन आलेल्या आल्यावर कांहीं उरलेलेंच नसतें. दुसऱ्या दुकानाचें, शक्य तर थेट शेतकऱ्याकडचें, मातीचा वास असलेलें आलें आणून पुन्हां आरंभ करावा. महाराष्ट्रांत सातारा जिल्ह्याचें आलें प्रसिद्ध आहे. नवें आलें रसाळ व सौम्य, जून आलें तंतुमय व तिखट. पेयाला जूनच बरें. आल्याचा तिखटपणा ज्या द्रव्यामुळें असतो, त्याला जिंजरॉल म्हणतात. आलें वाळून सुंठ होतांना त्यांतील कांहीं भागाचें रूप पालटतें आणि तें अधिक जहाल होतें. म्हणून सुंठीचा झोंबरेपणा निराळा लागतो. हवी तर चिमूटभर सुंठ उकळतांना घालावी. विरजणाला मात्र सुंठ चालत नाहीं, ती वाळून गेलेली असते.

विरजण फसफसूं लागल्यावर पेयाची तयारी सोपी. एक लिटर पेयासाठीं तीस ते चाळीस ग्रॅम आलें किसून लिटरभर पाण्यांत दहा-पंधरा मिनिटें मंद उकळावें, त्यांतच ऐंशीं ग्रॅम साखर विरघळवावी, आणि खालीं उतरून पूर्ण निवूं द्यावें. गरम पाण्यांत विरजण घातलें तर तें मरतें. दुधाला विरजण लावतांना बोट बुडवून जी कोमट पारख करतात, तिच्याहूनही थंड असूं द्यावें. मग गाळून एका लिंबाचा रस पिळावा व विरजणाचें गाळलेलें पाणी साठ मिलिलिटर, म्हणजे साधारण पाव वाटीहून किंचित् अधिक, मिसळावें. साखरेऐवजीं गूळ घातल्यास पेय फेंसाळतें उत्तम, पण रंग काळसर होतो आणि गुळाची चव आल्यावर मात करते. विरजण धरण्याचा धीर नसेल त्यांनीं पावाचें सुकें यीस्ट दोन चिमटी घालावें. काम जलद होतें, चवींतला आंबटगोड बारकावा मात्र जातो. खाण्याचा सोडा व लिंबू घालून जो फेंस येतो, तो या पेयाचा नव्हे. तो दोन मिनिटांत ओसरतो आणि मागें खारटपणा ठेवतो.

यापुढें बाटली, आणि येथेंच जपावयाचें.

ऐंशीं ग्रॅम साखर घातली ती गोडीसाठीं. वायूसाठीं तिचा अगदीं थोडा भाग लागतो. हिशेब असा: चार ग्रॅम साखर पुरती आंबली तर सुमारें एक लिटर वायु निघतो. दुकानांतल्या चांगल्या चुरचुरीत पेयांत लिटरमागें तीन-साडेतीन लिटर वायु विरलेला असतो. म्हणजे बारा ग्रॅम साखर आंबली कीं काम झालें. उरलेली अडुसष्ट ग्रॅम तशीच गोड राहते. परंतु यीस्टला हें कोण सांगणार? तें बारा ग्रॅमवर थांबत नाहीं. साखर आहे तोंवर आणि ऊब आहे तोंवर त्याचें काम चालूच असतें. ऐंशीं ग्रॅम सगळीच आंबली तर लिटरच्या बाटलींत वीस लिटरांहून अधिक वायु कोंडेल. तीस अंशांच्या उकाड्यांत तीन लिटर वायूचाच दाब मोटारीच्या चाकांतल्या हवेपेक्षां अधिक असतो. वीस लिटरांचा दाब वातावरणाच्या तीसपटीकडे जाईल. तेथवर पोंचण्याच्या पुष्कळ आधीं बाटली फुटते. कांचेची फुटली तर तिचे तुकडे सुऱ्यासारखे उडतात, आणि बाटल्या बहुधा ठेवलेल्या असतात ओट्याखालीं किंवा फळीवर, म्हणजे एका घरांत लहान मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर आणि दुसऱ्यांत मोठ्यांच्या.

म्हणून कांचेच्या बाटलीचा मोह पहिल्या वर्षीं तरी टाळावा. सरबताच्या, मधाच्या, तेलाच्या, मद्याच्या चपट्या बाटल्या दाबासाठीं केलेल्याच नसतात. चौकोनी बाटली तर सर्वांत वाईट, कारण दाब कोपऱ्यांवर एकवटतो. गोळीची बाटली दाबासाठीं केलेली खरी, पण ती घरीं भरतां येत नाहीं. कारखान्यांत ती उलटी धरून दाबाखालीं भरतात, तेव्हां आंतल्या वायूच्या जोरानेंच गोळी तोंडाच्या रबरी कड्यावर जाऊन बसते. घरच्या पेयांत आरंभीं दाबच नसतो, मग गोळी बसणार कशी? घरीं वापरावी ती दुकानी सोडावॉटरची रिकामी प्लॅस्टिकची बाटली. तिच्या बुडाशीं पाकळ्यांसारखे उंचवटे असतात. ते शोभेसाठीं नव्हेत, दाब सोसण्यासाठीं आहेत. नुसत्या पाण्याची पातळ बाटली तिच्यासारखी दिसली तरी कामाची नाहीं.

प्लॅस्टिकच्या बाटलीचा दुसरा गुण असा कीं, ती बोटांना हिशेब सांगते. बाटली कोमट पाण्यानें धुवावी, उकळत्या पाण्यानें नव्हे, नाहींतर ती आक्रसते. पेय भरतांना तोंडाशीं चार बोटें जागा ठेवून झांकण घट्ट बसवावें आणि अंधाऱ्या जागीं ठेवावें. रोज सकाळ-संध्याकाळ बाटलीचें अंग दाबून पाहावें. पहिल्या दिवशीं ती सहज चेपते. मग घट्ट होत जाते. दुकानांतून नवी आणलेली, न उघडलेली बाटली जशी हाताला दगडासारखी लागते, तशी ती झाली कीं क्षणाचाही विलंब न लावतां शीतकपाटांत ठेवावी. उन्हाळ्यांत याला एक दिवस पुरतो, क्वचित् त्याहूनही कमी. थंडींत तीन-चार दिवस. 'उद्यां बघूं' हा विचार या कामांत धोक्याचा. गांवाला जावयाचें असेल त्या आठवड्यांत बाटली भरूंच नये.

थंडीनें दोन गोष्टी होतात. यीस्ट सुस्तावतें, मरत मात्र नाहीं. आणि वायु पाण्यांत चांगला विरतो. शून्य अंशावर, नेहमींच्या हवेच्या दाबाखालीं, एक लिटर पाण्यांत सुमारें एक लिटर सातशें मिलिलिटर वायु मावतो, वीस अंशांवर नऊशें मिलिलिटरांच्या आंत, आणि तीस अंशांवर दोन-तृतीयांश लिटर. तेवढीच बाटली उकाड्यांत उघडली तर कारंजें छतापर्यंत जातें आणि पेल्यांत फिकें पाणी उरतें. रात्रभर गार करून उघडली तर फेंस पेयांत राहतो. शिवाय आल्याचा चोथा आंत राहिला असेल तर त्याच्या कणाकणाला धरून बुडबुडे निघतात. म्हणून दुहेरी फडक्यांतून गाळण्याचा कंटाळा करूं नये. उघडतांना बाटली मोरींत धरावी, तोंड स्वतःकडे किंवा दुसऱ्याकडे नसावें, आणि झांकण पाव फेर फिरवून थांबावें. सुसाट आवाज मंद झाला कीं पुढचा पाव फेर. आठवड्याच्या आंत पेय संपवावें. तोंवर दोन दिवसांआड झांकण सैल करून वायूला वाट द्यावी.

आतां मद्यार्काचा प्रश्न. तो टाळून चालणार नाहीं, कारण पुष्कळ घरांत तो धर्माचा, व्रताचा किंवा औषधाचाही असतो. बारा ग्रॅम साखर आंबली कीं सहा ग्रॅम वायूबरोबर तितकाच मद्यार्कही होतो. लिटरांत सहा ग्रॅम म्हणजे आकारमानानें शेंकडा पाऊण. बाटली वेळेवर थंड केली तर प्रमाण अर्ध्या ते एक टक्क्याच्या घरांत राहतें. बिअरमध्यें तें चार-पांच टक्के असतें. नशा येण्याजोगें हें प्रमाण नव्हे; पण शून्यही नव्हे. 'आल्याचें सरबत आहे' इतकेंच सांगून पाहुण्यापुढें पेला ठेवणें सभ्यपणाचें नाहीं. जो मद्यार्काचा थेंबही घेत नाहीं, ज्यानें व्यसन प्रयत्नानें सोडलें आहे, जो कांहीं विशिष्ट औषधें घेतो, त्याला आधीं सांगावें. गर्भवती स्त्रियांनीं व लहान मुलांनीं तें न घेतलेलें बरें. मुलांसाठीं तेंच आल्या-लिंबाचें पाणी विरजण न घालतां काढून ठेवावें आणि देतेवेळीं त्यांत साधें सोडावॉटर ओतावें. चुरचूर तीच, मद्यार्क नाहीं, आणि उन्हाळ्याच्या दुपारीं मुलांना फरक कळतही नाहीं.

कायद्याचें अंग थोडक्यांत असें. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनीं शेंकडा अर्ध्याहून अधिक मद्यार्काचें पेय मद्यपेयांत धरलें आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याची मद्याची व्याख्या तर फारच व्यापक असून मद्यार्कयुक्त द्रवमात्र तींत येतो. तेव्हां हें पेय मुद्दाम दिवसचे दिवस आंबवीत ठेवणें किंवा बाटल्या भरून विकणें, या दोन्ही गोष्टी वर्ज्य समजाव्या. ज्यांना अर्ध्या टक्क्याच्याही खालीं राहावयाचें असेल, त्यांनीं बाटली दगडासारखी होण्यापूर्वींच, नुसती घट्ट लागूं लागली कीं थंडींत घालावी. आठ ग्रॅमच्या आंत साखर आंबली तर हिशेब जुळतो, फेंस तेवढा कमी येतो. खांडबारा-नवापूरच्या लोकांना आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी लागते. नवापूरची हद्द ओलांडली कीं गुजरात, आणि तेथें दारूबंदी. सुरतेच्या नातलगांसाठीं गाडींतून घरची बाटली नेण्याचा विचार त्या दृष्टीनें बरा नाहीं, आणि उन्हानें तापलेल्या डब्यांत ती फुटण्याच्या दृष्टीनें तर मुळींच नाहीं.

घरीं आंबवलेलें म्हटलें कीं विषारी दारूच्या बातम्या आठवून कित्येकजण धास्तावतात. २०१५ सालीं मुंबईंत मालवणी येथें शंभराहून अधिक माणसें दगावलीं, ती गोष्ट विसरण्यासारखी नाहीं. परंतु अशा दुर्घटनांत घातक ठरतें तें मिथेनॉल, आणि तें कारखान्यांच्या उपयोगाचें द्रव्य कोणीतरी दारूंत मिसळलेलें असतें. आलें, साखर व लिंबू आंबतांना मिथेनॉल अपाय होण्याइतकें निर्माण होत नाहीं. भीति बाळगावयाची ती त्याची नव्हे, तर बाटलीच्या दाबाची आणि बुरशीची. विरजणावर पांढरा, सपाट, पातळ पापुद्रा आला तर तो जंगली यीस्टचा असतो. घातक नव्हे, पण चव बिघडवतो. हिरवी, काळी किंवा गुलाबी, केंसाळ बुरशी दिसली तर वरची काढून खालचें वापरण्याची काटकसर करूं नये. बरणीसकट रिकामें करून, उकळत्या पाण्यानें धुऊन नव्यानें आरंभ करावा. कुजका वास आला तरी तसेंच. पेय तारेसारखें चिकट झालें तर तें जंतूंच्या एका जातीचें काम. तेंही मोरींत ओतावें. नुसतें फार आंबट झालें असेल तर मात्र विरजण उपाशी राहिलें आहे इतकेंच समजावें आणि पुढच्या खेपेस साखर वेळेवर द्यावी.

आल्याच्या गुणांविषयीं आपल्याकडे सांगावयास नको. जेवणापूर्वीं आलें-मीठ चघळण्याची चाल घरोघर आहे. मळमळ कमी होण्यास आल्याचा उपयोग होतो, याला आधुनिक प्रयोगांचाही बराच आधार आहे. पण म्हणून या पेयाला औषध म्हणूं नये. त्यांत लिटरमागें साठ-सत्तर ग्रॅम साखर उरते, आणि मधुमेही माणसाला ती दुकानच्या बाटलींतल्या साखरेइतकीच नडते. साखर कमी करून पन्नास ग्रॅमवर आणली तरी फेंस तितकाच येतो, हें वरच्या हिशेबावरून दिसेलच.

विरजणाची बरणी एकदां चांगली लागली म्हणजे वर्षभर चालते. जितकें पाणी काढलें तितकें उकळून निवालेलें पाणी पुन्हां घालावें, एक चमचा आलें व एक चमचा साखर द्यावी. रोज पेय करावयाचें नसेल तर बरणी शीतकपाटांत ठेवून आठवड्यांतून एकदां हाच रतीब घालावा, आणि वापरण्यापूर्वीं एक दिवस बाहेर काढून बुडबुडे येतात कीं नाहीं हें पाहावें. बरणींत साठत जाणारा जुना कीस अर्धाअधिक काढून टाकावा, नाहींतर तो वर तरंगून बुरशी धरतो. पेयासाठीं उकळून गाळलेला आल्याचा चोथा मात्र फेंकूं नये. त्यांत तिखटपणा पुष्कळ शिल्लक असतो. तितकीच साखर व चमचाभर दूध घालून आटवला तर त्याच्या आलेपाकाच्या वड्या होतात. किंचित् तंतुमय, पण खोकल्याच्या दिवसांत डब्यांत ठेवाव्या अशा.